दिवे लागतात, आवाज नाही

प्रेमकथा सहसा नजरेपासून सुरू होते. ही बावीस किलोंपासून सुरू झाली.

बावीस किलो हे वजन होतं गिटारच्या एका ॲम्प्लिफायरचं. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेला, वर कातड्याचं हँडल. तो ज्याने उचलून आणला त्याला खरं म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या चकचकीत दुरुस्ती केंद्रात जायचं होतं. पण इथवर आल्यावर त्याच्या उजव्या हाताने साफ नकार दिला. हात बदलायला म्हणून त्याने ॲम्प क्षणभर एका पायरीवर टेकवला, आणि ती पायरी मामाच्या दुकानाची निघाली.

पायरीवर टेकलेली वस्तू दुरुस्तीला आली असं समजायचं, हा मामाचा नियम होता. या नियमापायी त्याने एकदा एका बाईची भाजीची पिशवी आत घेतली होती.

आभाळ अकरा दिवस झाकलेलं होतं. पाऊस पडत नव्हता, ऊन पडत नव्हतं. काहीच पाडायचं नाही असं हवेने ठरवलं असावं. भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागे, आणि त्या दिव्याखाली उघडी पडलेली इस्त्री, रेडिओ आणि मिक्सर, सगळी दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखी दिसत.

"काय झालंय?" मामाने शब्दकोड्यातून मान वर न काढता विचारलं.

गिटारवाल्याने उत्तर दिलं नाही. तो उजवा हात झटकत उभा होता. उंच, जरा वाकलेला, पाठीला गिटारची काळी पिशवी.

"म्हटलं, काय झालंय?" मामाने आता मान वर केली. मामाच्या मिशा वरच्या ओठावर सुरू होऊन खालच्या ओठावर उतरत, त्यामुळे त्याचं बोलणं पडद्यामागून आल्यासारखं वाटे.

गिटारवाला त्याच्याकडे पाहून अदबीने हसला आणि गप्प राहिला.

"शिष्ट आहे," मामाने कोड्याला सांगितलं.

तेवढ्यात आतल्या टेबलावरून भाची उठून आली. दुकान मामाचं असलं तरी हात तिचे होते. वय सत्तावीस, अंगात निळा एप्रन, कानामागे पेन्सिल. घरात तिला कुजबुज म्हणत. जन्मली तेव्हा ती इतक्या हळू रडली होती की बाहेर बसलेल्या मंडळींनी पाऊण तास काळजीत काढला. शाळेत हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि गैरहजेरी लागायची. चौथीचं अख्खं वर्ष ती पहिल्या बाकावर बसून गैरहजर होती. आयुष्यात तिने सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे "काय?"

"काय होतंय याला?" तिने विचारलं, नेहमीच्या आवाजात. म्हणजे जवळजवळ नाहीच.

गिटारवाल्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही... जरा खाली. सरळ तिच्या ओठांकडे.

"दिवे लागतात," तो म्हणाला. "आवाज नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"बारीक सूं असाही नाही?"

"कसलाच नाही."

"आमच्याकडेही तेच आहे," मामा भाचीकडे बोट दाखवत म्हणाला. "सत्तावीस वर्षं झाली. पार्ट मिळत नाही."

पण भाचीचं मामाकडे लक्ष नव्हतं. तिने तीन प्रश्न विचारले होते आणि या माणसाने एकदाही "काय?" म्हटलं नव्हतं.

"केव्हा हवाय?" तिने चौथा विचारला. जरा आणखी हळू. मुद्दाम.

"शनिवारी," तो लगेच म्हणाला. "संध्याकाळी. आम्ही तिघं मिळून वाजवतो. नव्या हॉटेलात वर्षभराचं काम मिळतंय, त्याची पहिली संध्याकाळ. बाकीचे दोघं म्हणालेत, शनिवारी आवाज नीट नसेल तर दुसरा बघू."

"दुसरा ॲम्प?"

"मी ॲम्पच समजलो," तो म्हणाला.

मामाने मग दुकानाची रीत सांगितली. दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवायची आणि त्याने स्वतःच्या तोंडाने "बरोबर आहे" म्हटल्याशिवाय ती बाहेर जाऊ द्यायची नाही. "ठीक आहे" इथे धरत नसत. "चालेल" तर मुळीच नाही. "चालेल" म्हणणारा आठ दिवसांत भांडायला येतो. एका आजोबांचा पंखा केवळ "असू दे" म्हटल्यामुळे दोन वर्षं माळ्यावर होता. मामाने हे सगळं नीट समजावलं. गिटारवाला त्याच्या मिशांकडे एकाग्रतेने बघत राहिला आणि शेवटी भाचीकडे वळून म्हणाला, "काय म्हणाले?"

तिने सगळं परत सांगितलं. त्याला एका झटक्यात कळलं.

मामाला हे लागलं. दुकानाच्या चाळीस वर्षांत त्याचं बोलणं भाचीच्या तोंडून दुसऱ्याला समजावून सांगावं लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

—

मंगळवारी तो ॲम्प बघायला आला. बघण्यासारखं काही नव्हतं. चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढून टेबलावर उलटी ठेवलेली. पण तो समोरच्या स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला.

तिने मीटरची एक तार चिमट्याने पत्र्याला लावली, दुसरी उजव्या हातात धरली आणि डावा हात एप्रनच्या खिशात घातला.

"हात का लपवला?" त्याने विचारलं.

"पद्धत आहे," ती मान वर करून म्हणाली. "आत तीन-चारशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हाताने शिरतो आणि दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. मधे हृदय लागतं वाटेत."

"आणि एक खिशात असला तर?"

"तर ते वाचतं."

"म्हणजे तुम्ही कायम एक हात राखूनच..."

"कामाच्या वेळी," ती म्हणाली.

"आणि एरवी?"

ती परत आत वाकली. वाकल्या वाकल्या तिने काहीतरी उत्तरही दिलं, आणि ते चांगलं होतं. पण त्यावर त्याचा काहीच प्रतिसाद आला नाही. तिला जरा वाईट वाटलं. चांगली उत्तरं तिला रोज सुचत नसत.

दोष तासाभरात सापडला. अशा ॲम्पला दोन फ्यूज असतात. बाहेरचा शाबूत होता, म्हणून व्हॉल्व्ह मंद नारिंगी पेटत होते. आतला, मोठ्या दाबाचा, उडाला होता. शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाने आतल्या आत अंग टाकलं होतं आणि जाताना दोन रेझिस्टर काळे करून गेला होता.

"हे कशाने होतं?" त्याने विचारलं.

"वयाने. नाहीतर कायम शेवटच्या आकड्यावर वाजवल्याने."

"मी इतक्या मोठ्यांदा वाजवत नाही."

तिने आवाजाचं बटण फिरवून पाहिलं. एकपासून नऊपर्यंत ते धूळ खाऊन खरखरत होतं. दहावर मात्र हात फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं. तिने ते पाहिलं, स्वच्छ केलं, आणि त्यावर विचार केला नाही. माणूस समोर बसून ओठांकडे बघत असला की बटणांवर विचार होत नाही.

—

बुधवारी नवे व्हॉल्व्ह बसले. ॲम्प पेटला, अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून झोपेतल्या श्वासासारखी घरघर आली, आणि तिने त्याला खूण केली.

त्याने गिटार मांडीवर घेतली, बटण दहावर नेलं आणि वाजवलं. खाली खाली उतरत जाणारे सूर, एकेक, जिन्यावरून कुणी दिवा घेऊन तळघरात चालल्यासारखे. तिला रडू येईल असं वाटलं. मामाच्या टेबलावरची पेन्सिल आपली आपण चालायला लागली आणि कडेवरून खाली पडली. समोरच्या दुकानातून शिंपीणबाई हातात अर्धी बाही घेऊन दारात आल्या.

"मामा, माझी टीप वाकडी जातेय हो," त्या ओरडून म्हणाल्या. "मशीन आपोआप सरकतंय."

गिटारवाल्याने मान खाली घालून वाजवणं पूर्ण केलं. मग वर पाहिलं.

"सुरुवात बरी आहे," तो म्हणाला. "पण दबलाय. आत कापूस भरल्यासारखा. लांबून येतोय."

मामाने पेन्सिल उचलली. "लांबून," तो म्हणाला. "कुठल्या गावाहून?"

पण रीत ती रीत. गिऱ्हाईक "बरोबर आहे" म्हणत नव्हतं, म्हणजे ॲम्प बरोबर नव्हता. भाचीने चासी परत बाहेर काढली.

त्यानंतरचे दोन दिवस तिने तो नसलेला दोष शोधला. असलेला दोष शोधणं सोपं, तो केव्हातरी सापडतो. नसलेल्याला अंत नाही. तिने स्पीकर सुटा करून सेल लावून पाहिला. कागद पुढे आला, "थप्" म्हणाला, मागे गेला. तिने प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टकटक केली, स्पीकरपासून उलट मागे एकेक पायरी तपासत गिटारच्या वायरपर्यंत आली, सोल्डरच्या ज्या टाक्यांची शंका होती ते उकलून पुन्हा घातले, ज्यांची नव्हती तेही घातले. सगळं मापात होतं. इतका निरोगी ॲम्प त्या दुकानात आजवर आला नव्हता.

आणि तो रोज दुपारी येत होता. येऊन स्टुलावर बसायचा. ती बोलायची आणि तो बघायचा. तिच्या बोलण्यातला एकही शब्द त्याच्यापाशी खाली सांडत नव्हता.

"तुम्हाला सगळे सांगत असतील ना," तो गुरुवारी म्हणाला, "की जरा मोठ्याने बोला."

"सगळे. मामी तर म्हणते, तू बोललीस की मला वाटतं शेजारी बोलतायत."

"मला तर सगळं कळतं."

"हो," ती म्हणाली. "माझ्या लक्षात आलंय ते."

"आणि तुमचं काय लक्षात आलंय, तेही मला कळतं."

"काय लक्षात आलंय माझ्या?"

तो हसला. "मी फार बघतो, हे."

तिच्या हातातलं सोल्डर थोडं नको तिथे पडलं. ते काढायला पंधरा मिनिटं लागली, आणि ती पंधरा मिनिटं तिला अजून आठवतात.

शुक्रवारी सकाळी तिने मामीच्या कपाटातून लिपस्टिक काढली. गडद, विटेच्या रंगाची. मामीने लग्नात वापरून नंतर हौसेने जपून ठेवलेली. मामाने चहाचा कप खाली ठेवला.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. दुकानात."

"आणि ओठ कुठे निघालेत?"

"मामा, तू कोडं सोडव."

"तेच करतोय," मामा म्हणाला.

—

शुक्रवारी दुपारी आभाळ इतकं खाली आलं होतं की गल्लीतले विजेचे खांब त्यात रुतल्यासारखे दिसत होते. गिटारवाला आला. तिच्या ओठांकडे पाहून जरा थांबला. चेहऱ्यावरचा एक ताण गेला, चष्मा नवा मिळालेल्या माणसाचा जातो तसा. तिने ते पाहिलं आणि मनात साठवलं.

मग तो दाराकडे तोंड करून स्टुलावर बसला आणि वायर न लावताच तारा जुळवू लागला. एक बोट तारेवर, हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवलेली. ती त्याच्या पाठीमागे, फळीपाशी उभी होती. पुढे मामा कोड्यात.

तिला वाटलं, आता. समोरून जमलं नसतं. पाठीला सांगणं सोपं असतं. पाठ लाजवत नाही.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. अगदी हळू, पण पूर्ण वाक्य.

त्याने तार जरा आवळली.

"शनिवारनंतरही... येत जाल का?"

त्याने दुसरी तार धरली. खांदा हलला नाही, मान वळली नाही. तो तसाच, हनुवटी टेकवून, शांतपणे तारा जुळवत राहिला.

तिच्या कानापर्यंत रक्त चढलं. ऐकून न ऐकल्यासारखं करणं, हे किती सभ्य उत्तर असतं ते तिला त्या क्षणी कळलं. तिला तिथून आत जायचं होतं. वळताना कोपर फळीला लागलं, आणि नटबोल्टचा पत्र्याचा डबा, चार किलोंचा, काठोकाठ भरलेला, फरशीवर पडला.

मामा खुर्चीतून उभा राहिला. दारातलं कुत्रं ओरडत गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. समोर शिंपीणबाईंनी मशीन थांबवून "कोण पडलं हो?" म्हणून विचारलं. नट फरशीभर गरगरत राहिले, एकेक करून आडवे झाले.

गिटारवाल्याने तिसरी तार धरली.

ती नटांमध्ये उभी राहिली. पहिल्यांदा जे वाटलं ते निव्वळ सुख होतं, आणि त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटली. तो नाही म्हणाला नव्हता. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

मग उरलेलं सगळं एकामागून एक तिच्यापाशी येऊन उभं राहिलं. दहावर गुळगुळीत झालेलं बटण. मामाच्या मिशा. वाकून दिलेलं ते चांगलं उत्तर. दबलेला, कापूस भरलेला, लांबून येणारा आवाज. आणि सर्वांत शेवटी, सावकाश, तिचे स्वतःचे ओठ. पाच दिवस तो त्यांच्याकडे बघत होता... वाचत होता.

तिने पालथ्या हाताने विटेचा रंग पुसला. पूर्ण पुसला गेला नाही. मामीच्या लग्नातला होता, टिकाऊ होता.

—

"तू सांग ना त्यांना," शनिवारी सकाळी ती मामाला म्हणाली. "तू मोठा आहेस."

"मी सांगितलेलं त्याला कळणार कसं? मला मिशा आहेत."

तिने चमकून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सोमवारी शिष्ट वाटला. मंगळवारी मी त्याला त्याच्या मागून चहा विचारला, दोनदा. चहाला शिष्टपणा करणारा माणूस मी पाहिलेला नाही." मामाने कोड्याच्या कागदाची घडी केली. "मला वाटलं तुलाही माहीत असेल. तू इतकं नीट तोंड करून बोलत होतीस त्याच्याशी."

"आणि तू मला दोन दिवस शोधू दिलंस?"

"तू शोधत कुठे होतीस," मामा म्हणाला. मग घडी खिशात घातली. "सांगितलंस तर तो हॉटेलात जाणार नाही, आणि इथेही परत यायचा नाही. नाही सांगितलंस तर आज संध्याकाळी शंभर माणसांसमोर त्याला कुणीतरी सांगेल. त्यातलं काय ते तू बघ. ॲम्प तुझ्या हातातला आहे."

गिटारवाला अकरा वाजता आला. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, संध्याकाळचा. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि काटा असलेला मोठा मीटर त्याच्यासमोर ठेवला. तारा स्पीकरच्या टोकांना लावल्या होत्या.

"वाजवा," ती म्हणाली. "आणि ऐकू नका. काट्याकडे बघा."

त्याने वाजवलं. काटा उडाला आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन आपटला. त्याने पुन्हा वाजवलं. काटा पुन्हा आपटला. काचा वाजल्या, मामाची पेन्सिल चालायला लागली, समोर शिंपीणबाईंनी हताशपणे मशीन बंद केलं.

तो हळूहळू थांबला. काटा परत येऊन शून्यावर पडला.

"ॲम्पच्या डब्यात काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे, ओठ नीट उघडून. "बुधवारपासून नाही."

बराच वेळ तो काट्याकडे बघत राहिला, जणू तो अजून काही सांगेल.

"वर्ष झालं," तो मग म्हणाला. "डावा कान आधी गेला. उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. सोमवारी आवाज पूर्ण बंद झाला ना, तेव्हा मला... आनंद झाला होता. म्हटलं, बघा, डबाच बिघडलाय. म्हणजे आधीपासून डबाच बिघडत असणार."

तिने मीटरच्या तारा स्पीकरवरून काढल्या.

"तुम्ही दोन दिवस शोधत होतात तेव्हा वाटायचं, सापडेल काहीतरी. एखादी तार." त्याने गिटार पिशवीत घातली. "इतका वेळ कुणी शोधलं नव्हतं. डॉक्टरांनी दहा मिनिटांत सोडून दिलं."

"माझ्याकडे बघायचात ते..."

"वाचायला," तो म्हणाला. "सवयीने. सगळ्यांकडे तसंच बघतो. लोक पुटपुटतात, अर्धं गिळतात. तुमचं मात्र स्वच्छ. आवाज नसल्यामुळे तुम्ही सगळं ओठांवरच काढता."

"मी लिपस्टिक लावली होती," ती म्हणाली. का म्हणाली ते तिला कळलं नाही.

"हो. बरं झालं. अक्षरं ठळक झाली."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावर मोडलं. तोही तेवढंच हसला. मग पिशवी पाठीला लावून उठला.

"मी जाऊन त्या दोघांना सांगतो, दुसरा बघा म्हणून. ॲम्प नव्हे, माणूस."

"ॲम्प?" मामाने बोटाने डब्याकडे खूण करून विचारलं.

"राहू दे इथेच. तुमची ती रीत आहे ना. मला ते म्हणता येणार नाही. मला माहीतच नाही तो बरोबर आहे की नाही."

आणि तो पायरी उतरून गेला.

—

ती टेबलापाशी उभी होती. डावा हात एप्रनच्या खिशात होता, सवयीने. दारातून त्याची पाठ दिसत होती, पाठीवर काळी पिशवी, वर राखाडी आभाळ. औषधाच्या दुकानापर्यंत गेला. पुढे वळण होतं.

ती पायरीवर आली. छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

"अहो... तुम्ही मला आवडता."

आवाज कुठून आला ते तिलाच कळलं नाही. सत्तावीस वर्षं साठलेला असावा. शिंपीणबाईंची सुई दोऱ्यासकट थांबली. औषधवाला गल्ल्यावरून अर्धा बाहेर आला. एका अनोळखी सायकलस्वाराने ब्रेक दाबून मागे पाहिलं, आपण नव्हे हे लक्षात आल्यावर जरा खट्टू झाला आणि पुढे गेला. वरच्या मजल्यावर मामीने खिडकी उघडून विचारलं, "कोण ओरडलं?" आणि मामाने खालून सांगितलं, "आपली." मामीने विश्वास न ठेवता खिडकी लावून घेतली.

तिने आणखी एकदा म्हटलं. त्याहून मोठ्याने. दुसऱ्या वेळी शेवटच्या शब्दावर आवाज फाटला आणि संपला.

गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. फक्त तो वळणाशी पोचला होता आणि चालत होता.

मग ती पळाली. पळताना हात खिशातून निघाला. वळणावरच तिने त्याला गाठलं. एका हाताने खांदा धरला, दुसऱ्याने गिटारच्या पिशवीचा पट्टा. दोन्ही हातांनी.

तो वळला.

तिने तोंड उघडलं. आवाज नव्हता. घसा पार बसला होता. कुजबुजसुद्धा उरली नव्हती. ती क्षणभर तशीच उभी राहिली, धापा टाकत. मग तिने तेच वाक्य म्हटलं, आवाजाशिवाय. नुसत्या ओठांनी. सावकाश, एकेक शब्द सुटा.

तो बघत होता. ओठांकडे. मग, त्या सहा दिवसांत पहिल्यांदा, जरा वर, डोळ्यांकडे.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं.

"शेवटचा शब्द नीट वाचता आला नाही."

तिने शेवटचा शब्द परत म्हटला. तो खोटं बोलत होता हे तिला दिसत होतं. हसू त्याला लपवता येत नव्हतं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं होतं, आणि दोन्हींपैकी कुठलं खरं ते ठरवण्याइतका उजेड त्या दिवशी नव्हता.

"उजवाही जाईल," तो म्हणाला. "वर्षभरात. मग मला काहीच..."

तिने मान हलवली. माहीत आहे.

"तुमचा आवाज मी ऐकलेला नाही. ऐकणारही नाही."

तिने खांदे उडवले. कुणीच ऐकलेला नव्हता. गल्लीने आज ऐकला होता, तेवढाच.

त्याने तिचे दोन्ही हात सोडवले आणि आपल्या हातांत धरले. बोटांना सोल्डरचा वास होता. मधे काय काय वाटेत लागत होतं, ते दोघांनाही समजत होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

लांब पायरीवर मामा उभा होता. त्याने मिशांतून ओरडून काहीतरी विचारलं. बहुधा ॲम्पचं काय, असंच असावं. गिटारवाल्याला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तिलाही आलं नाही. तिने मागे वळून पाहिलं आणि जन्मभर ज्या शब्दाचा तिला कंटाळा होता, तोच शब्द मामाला विचारला. त्यालाही आवाज नव्हता.

"काय?"

मामाने हात हलवला, काही नाही म्हणून. आत जाऊन त्याने ॲम्प बंद केला. दिवे हळूहळू विझले, नारिंगी, मग तांबडे, मग काही नाही. बाहेर आभाळ होतं तसंच होतं.